पाडव्याची चाकं

"ही न्हाईत चालायची," म्हणत सयाजीरावांनी स्कूटरची दोन्ही चाकं पायानंच बाजूला सारली आणि अनुजाची सकाळभरची निवड वाया गेली.

गवत कापायचं यंत्र न्यायला तिनं आणि नवऱ्यानं घरामागच्या परड्यात वेल्डिंग करून ट्रेलरचा सांगाडा उभा केला होता. तो घरच्या मोटारसायकलला जोडायचा. दिवाळीचा पाडवा झाला की बंगल्यांच्या एका मोठ्या वसाहतीतलं काम सुरू होणार होतं, आणि तिथं दर खेपेला भाड्याची रिक्षा परवडणारी नव्हती. आता अडलं होतं फक्त चाकांवर. जुन्या सामानाच्या दुकानात जायला ती एकटीच निघाली, तर सासरे सयाजीराव चपला घालून दारात उभे.

हे नवलच होतं. घरात म्हशी असताना सून दुसऱ्याचं गवत कापायला जाते, गल्लीत मान खाली जाते, असं म्हणून त्यांनी वर्षभर तिच्याशी धड बोलणं टाकलं होतं. अनुजाला ते फार लागलं होतं. तिनं बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

दुकानदार सोमेशनंही सासऱ्यांचीच री ओढली. स्कूटरचं चाक अरुंद, ओल्या हिरवळीत रुतणार आणि चर पाडणार. त्यानं रिक्षाची चाकं दाखवली. अनुजाला ती पटली. सयाजीराव मात्र कोपऱ्यातल्या मारुती मोटारीच्या चाकांपाशी जाऊन बसले होते. टायरला कुठं चिरा आहेत का ते अंगठ्यानं दाबून बघितलं, चाक फिरवून बेअरिंगला कान लावला. दूध काढण्याआधी म्हशीची कास बघतात तितक्या सबुरीनं सगळं चाललं होतं.

"मामा, यंत्र माझ्या निम्म्या वजनाचंबी न्हाई," अनुजा म्हणाली. "एवढी दांडगी चाकं कशाला?"

"आज हाय तेवढ्या वज्ज्यावर चाकं घ्यायची नस्त्यात. वजन वाढणार हाय."

मग त्यांनी तळाला अंथरायला जाड रबर मागितलं आणि बांधायला चार लोखंडी कड्या. आत हादरा बसता कामा नये म्हणाले. तेव्हा कुठं अनुजाच्या डोक्यात प्रकाश पडला. चंद्री.

चंद्री म्हणजे त्यांची म्हातारी म्हैस. पाडव्याला गवळी गल्लीत म्हशी नटवून मिरवतात. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं पळवतो आणि म्हैस त्या आवाजामागं धावते. चंद्रीनं कितीतरी पाडवे गाजवले होते. यंदा उन्हाळ्यापासून ती मागच्या पायानं लंगडत होती. चालता येत नाही, तर म्हातारा तिला गाडीतून मिरवणार. ओढायला चुलत सासऱ्यांचा ट्रॅक्टर होताच.

नव्या ट्रेलरवर पहिल्यांदा शेण पडणार, या विचारानं अनुजाचं तोंड कडू झालं. पण वर्षानं हा माणूस आपल्याशी चार वाक्यं बोलला होता. एक दिवस म्हशीचा, बाकी वर्ष आपलं, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि मोठी चाकं उचलली.

घरी आल्यावर सयाजीरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. चाकं त्यांनी स्वतः बसवली, रिमांना रंग दिला. संध्याकाळी ते चंद्रीच्या गळ्यातला कवड्यांचा पट्टा मांडीवर घेऊन बसले. तो उसवून आखूड करून पुन्हा शिवत होते. म्हैस एवढी वाळली, हे अनुजाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा सगळा राग तिथंच ओसरला. सुईत दोरा ओवून द्यायला ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"लईच बारीक झालीया व्हय, मामा?"

"मापात बसाय पायजे," एवढंच ते म्हणाले, मान वर न करता.

पाडव्याला ती आंघोळ करून परड्यात आली तर ट्रेलरची जागा मोकळी. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं का आपण? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायलेन्सर काढलेल्या गाडीचा फटफटाट सुरू झाला. चंद्रीचा शेवटचा पाडवा असेल, बघावा तरी, म्हणून ती दारात आली. माणसांनी गल्ली भरून गेली होती. आणि त्या आवाजाला ओ दिल्यासारखी चंद्री रेकली, अनुजाच्या पाठीमागून, परड्यातल्या गोठ्यातून.

गर्दी दुभंगली. नवा फेटा बांधलेले सयाजीराव ताठ मानेनं मोटारसायकल हाकत येत होते. मागं ट्रेलरवर, घासूनपुसून तेल दिलेलं, मोरपिसांचा तुरा लावलेलं तिचं गवत कापायचं यंत्र उभं होतं, आणि त्याच्या दांड्याला चंद्रीचा कवड्यांचा पट्टा अगदी मापात बसला होता.