मांडीवरची बॅग

दोन सीटच्या उघड्या गाडीच्या डिकीवर नवऱ्यानं नवं कॅरिअर बसवलं होतं. त्यावर ब्लँकेटची घडी, घडीवर त्याची सूटकेस, वरून चामडी पट्टे. बायको सीटवर बसताच त्यानं तिची बॅग तिच्या मांडीवर ठेवली. "हिचं बक्कल गाडीचा रंग खरवडेल. घे, नेहमीसारखी." नेहमीसारखी! गेल्या सुट्टीत घाट उतरेपर्यंत पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि हा पठ्ठ्या मुक्कामावर पोचल्यापोचल्या भिंग घेऊन गाडीवरचे ओरखडे शोधत बसला होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी सूटकेस काढ. ब्लँकेटवर माझी बॅग राहील." "उगाच डोकं खाऊ नकोस. जड होतंय तर सामान कमी कर." ती बॅगेसकट उतरली. "केलं कमी. एक बॅग आणि एक बायको." तिनं बक्कल दारावर टेकवलं आणि दाबून धरत मागच्या दिव्यापर्यंत सावकाश चालत गेली.