बांधावरच्या मशिनी

डोंगरकड्याच्या संतराम आणि भागवत या चुलतभावांचं शेताच्या बांधावरून बावीस वर्षं भांडण. ओरडून ओरडून दोघांचेही घसे बसले, तेव्हा भागवतच्या सुनेनं, साधनानं, बांधावर दोन बोलत्या मशिनी बसवल्या. एक संतरामच्या आवाजात भांडायची, दुसरी भागवतच्या. आता भांडायचं काम मशिनींना लागलं आणि भाऊ लिंबाखाली एकाच घोंगडीवर बसून ऐकू लागले.

"तुही मशीन आज लई तापली रे," संतराम कौतुकानं म्हणायचा.

"तुमची काय कमी हाय व्हय, दादा? घ्या, चहा घ्या."

आठव्या दिवशी मशिनी एकाएकी गप्प झाल्या. मग संतरामची मशीन हळूच म्हणाली, "भागवत, चुकलं माहं. बांध तुहाच."

"न्हाई दादा, माहंच चुकलं," भागवतची मशीन म्हणाली. "बांध तुमचा."

साधनानं देवाला हात जोडले. तेवढ्यात लिंबाखाली कपबशा फुटल्याचा आवाज आला. बावीस वर्षांत नुसतं तोंडी चाललेलं भांडण पहिल्यांदाच हातघाईवर आलं होतं. भागवतची गचांडी धरून संतराम बसक्या घशानं ओरडत होता,

"माह्या मशीनला फितवलंस काहून?"