नुसती किती देते?

"वर्ना, जरा खाली उतरतेस? तुझ्याशिवाय किती भरतंय बघू."

पिकअप आणि तिच्यामागचा ट्रेलर महामार्गालगतच्या वजनकाट्यावर उभे होते. वर्ना मुकाट्याने उतरली. वायोमिंगचा वारा तिचा स्कार्फ उडवून घेऊन गेला, नेब्रास्काच्या दिशेने, म्हणजे ती दोघं जिथून आली होती तिकडे. आकडा आला आणि रॉस्कोचं तोंड पडलं. बायको त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी निघाली.

निवृत्त झाल्यावर घर विकायचं आणि ट्रेलरमध्येच राहत पश्चिमेला ओरेगॉनच्या समुद्रापर्यंत जायचं, हे स्वप्न दोघांचं होतं. ॲव्हरेज मात्र एकट्या रॉस्कोचं. पिकअप विकणाऱ्याने ट्रेलरसकट गॅलनला तेरा मैल सांगितले होते. पडत होते आठ. कॅम्पात शेजारचा ट्रेलरवाला "किती देते?" म्हणून विचारतोच, आणि पुरुषाने दोन वाढवून सांगायचे ही तिथली रीत. पण आठाचे दहा सांगतानासुद्धा रॉस्कोचे कान लाल होत.

म्हणून त्याने वजन कमी करायला घेतलं. आधी वर्नाचं शिलाई मशीन गेलं. मग तिची पुस्तकं. ओगलालाच्या कॅम्पात त्याने तिचा बिडाचा तवा बाकावर ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, 'फुकट घ्या.'

"आईचा आहे रे तो," वर्ना म्हणाली.

"आई आता कुठे जेवतेय?"

रॉस्कोचा लाकडी पिना पाडायचा, पंधरा पौंडांचा बोलिंगचा चेंडू मात्र तसाच राहिला. गोल वस्तू ओढायला हलकी जाते, असं त्याचं म्हणणं.

वजनकाट्यावरून ती दोघं रॉलिन्सच्या कॅम्पात पोचली, तर शेजारी क्लीट नावाचा म्हातारा घडीच्या खुर्चीत बियर घेऊन बसला होता.

"किती देते?"

"दहा."

"म्हणजे आठ."

"वजन कमी करतोय मी," रॉस्को म्हणाला. "बघाच तुम्ही."

क्लीटला ठसका लागला. "अरे बाबा, वजनाचं काय घेऊन बसलास! हा वारा बारा महिने पश्चिमेकडून येतो, आणि तू त्याच्या तोंडावर भिंत घेऊन निघालायस. आतलं सगळं फेकलंस तरी भिंत तेवढीच. वारा पडेपर्यंत थांब इथे."

"कधी पडतो?"

"मागे एकदा पडला होता."

आत वर्ना पाव कापत होती. सुरी थांबली.

"म्हणजे माझा तवा उगाच गेला?"

क्लीट बियरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचू लागला. रॉस्कोने ट्रेलरला टेकू लावले आणि पिकअप सोडवून घेतली. तेवढं काम त्याला जमत होतं.

वर्ना हात पुसत बाहेर आली. "नुसती किती देते रे?"

रॉस्कोचा चेहरा फुलला. अख्ख्या प्रवासात तिने ॲव्हरेज पहिल्यांदाच विचारलं होतं. "नुसती? एकोणीस!"

"म्हणजे सतरा," क्लीट पुटपुटला.

"किल्ली दे. दूध घेऊन येते."

"दूध आहे की."

"ताजं."

"दुकान पश्चिमेला आहे हो ताई, पाच मिनिटांवर," क्लीटने हात करून दाखवलं.

ऊन कलल्यावर रॉस्कोच्या फोनवर फोटो आला. पिकअपच्या डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजच्या आकड्याचा. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, नीट थांबवून काढलेला. वर्ना नियमाने वागणारी बाई होती.

"किती?" क्लीटने विचारलं.

"बावीस," रॉस्को म्हणाला. दोन वाढवायचे त्याच्या लक्षातच आलं नाही.

फोटोखाली एकच ओळ होती.

'मागून वारा आहे.'