उंबऱ्यावरची बादली

दुपारी साडेतीनला आर्गिरोच्या दारावर थाप पडली.

या वेळी गावात कोणी कुणाचं दार वाजवत नाही. जेवणं उरकून, खिडक्यांच्या झडपा ओढून सगळे झोपतात. वाजवलंच कुणी, तर तो परदेशी पाहुणाच. आर्गिरोने झडपेच्या फटीतून पाहिलं. पोहण्याच्या कपड्यांतली एक परकी म्हातारी. केस ओले, हातात पत्र्याची बादली. न कळणाऱ्या भाषेत ती ओरडत होती.

पाणी मागत असणार. ऑगस्टात बेटावर नळाला एक दिवसाआड पाणी. टाकी संपली की पाहुणे असेच दारोदार हिंडतात.

"शेजारच्या मिर्सिनीच्या भाडेकरूंना मी का पाणी पुरवू?" आर्गिरो पुटपुटली आणि तिने फट मिटली. मिटताना म्हातारीची नजर तिच्या नजरेला भिडली.

थापा बराच वेळ पडत राहिल्या. मग थांबल्या.

पाचला गाव जागं झालं, तेव्हा म्हातारी आर्गिरोच्या पायरीवर बेशुद्ध पडली होती.

"ऊन लागलंय," औषधाच्या दुकानातली एवान्थिया नाडी पाहत म्हणाली. "अख्ख्या गल्लीत एकालाही ऐकू आलं नाही?"

"मी मेल्यासारखी झोपले होते बाई," मिर्सिनी म्हणाली.

"माझ्या घोरण्यापुढे तोफ ऐकू येत नाही," म्हातारा प्रोकोपिस म्हणाला. कोणी हसलं नाही.

"आर्गिरो, तुझ्याच दारात गं," एवान्थिया म्हणाली.

"मीही झोपले होते." तिची कानशिलं तापली.

"आणि तुझा नवरा?"

"स्ट्रातिस सकाळीच होडी घेऊन गेलाय. ऑक्टोपस धरायला. जेवायला पलीकडच्या खाडीत, भावाकडे थांबणार होता."

"तो असता तर बाईवर ही वेळ आली नसती," प्रोकोपिस म्हणाला. "घोटभर पाण्यासाठी कुणाला दारातून परत धाडणारा नव्हे तो."

म्हातारीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जाताना तिने एकदाच डोळे उघडले, आणि पाहिलं ते आर्गिरोकडे.

आर्गिरोला घरात बसवेना. रात्री स्ट्रातिसला काय सांगायचं? तो झोपेची सबब ऐकून घेणारा नव्हता. शेवटी तिने ठरवलं, दवाखान्यात जायचं. पाहुण्याला देतात तसा चेरीचा मुरांबा न्यायचा, आणि तीच बादली काठोकाठ भरून न्यायची. गल्लीला दिसायचं तर दिसू दे.

बादली घरंगळत कण्हेरीखाली गेली होती. तिने ती ओढून काढली, अंगणातल्या नळाखाली धरली आणि तोटी सोडली.

पाणी चढू लागलं. खाली पाहिलं, तर पाण्यातून तिला स्वतःच्या पायांची बोटं दिसत होती.

बादलीचा तळ काचेचा होता. होडीतून वाकून समुद्राचा तळ पाहता यावा म्हणून स्ट्रातिसने तो स्वतःच्या हाताने बसवला होता. सकाळी तो हीच बादली होडीत घालून गेला होता.

सहा वाजले होते. धक्क्यावर त्याच्या होडीची जागा रिकामीच होती.