हिरव्या पाकिटाची तारीख

“हात मागे घे,” फान साहेब म्हणाले.

पेइ-जुंगनं हात मागे घेतला. तिला यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं, एवढंच. पण तैवानमधल्या सिंचू शहरातल्या त्या कंपनीत चालत्या यंत्राला हात लावणं म्हणजे पापच. यंत्राच्या डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ऐटीत बसलं होतं. कुआई-कुआई, म्हणजे ‘शहाण्यासारखं वाग’. लॅबमधल्या प्रत्येक यंत्रावर असं एकेक. हिरवंच हवं, न फोडलेलं हवं आणि मुदत संपलेली नको. त्यात फान साहेबांची स्वतःची एक भर होती. चालत्या यंत्रावरून पाकीट उचलायचं नाही, आधी यंत्र बंद करायचं. पाकिटांच्या तारखा ते रोज सकाळी जातीनं पाहत. निदान तसं सांगत तरी.

“महिनाभर अखंड चालतंय हे,” साहेब म्हणाले. “एक फाईल चुकलेली नाही. वर तुझ्या ड्रायव्हरच्या चौपट वेग. चार वाजता गिऱ्हाईक येतंय. त्यांच्या एक्स-रे साठवायच्या यंत्रांत यी-शुनचाच ड्रायव्हर जाईल. आणि सोमवारपासून तू त्याच्या हाताखाली. विषय संपला.”

ड्रायव्हर म्हणजे फायली डिस्कवर उतरवणारा प्रोग्रॅम; एक पेइ-जुंगनं लिहिला होता, एक यी-शुननं. यी-शुन खुर्चीत गरगर फिरत बबल टी ओढत होता. कॉलेजात तो तिच्या मागच्या वर्गात होता म्हणून तिला ताई म्हणायचा. आणि ताई म्हणता म्हणता टोचायचा.

“अरे, दिवा बघ ना,” पेइ-जुंग त्याला म्हणाली. “तू एवढ्या फायली लिहितोयस, मग डिस्कचा दिवा जेमतेम एखाद्या वेळीच का लुकलुकतो?”

“ताई, मी इतक्या वेगात लिहितो की दिव्यालासुद्धा पत्ता लागत नाही.”

साहेब पोट धरून हसले. पेइ-जुंगचा जळफळाट झाला.

आलेली फाईल आधी मेमरीत ठेवायची, हे दोघांचेही ड्रायव्हर करत होते. मग मेमरीतल्या त्या पानावर खूण करायची, की हे अजून डिस्कवर उतरवायचं आहे. खुणेची पानं मग सवडीनं उतरतात. हा पठ्ठ्या ती खूण करायलाच विसरला असेल तर? फायलींची नावं तेवढी डिस्कवर जाणार, आतली पानं मेमरीतच पडून राहणार. वाचायला मागितली की तिथूनच मिळणार, झटपट आणि बिनचूक. या यंत्रात मेमरी तर एवढी दांडगी की जागा कमी पडायचा प्रश्नच नाही. यंत्र बंद होईपर्यंत कुणाला काही कळायचं नाही. आणि एखाद्या दवाखान्यात यंत्र बंद पडलं, की कुणाच्या तरी फुप्फुसांचा एक्स-रे गेलाच म्हणून समजा.

सांगून ऐकणार कोण? तिची नजर हिरव्या पाकिटावर गेली. तिथून साहेबांवर गेली. आणि तिच्या डोक्यात एक लबाडी शिरली.

“साहेब,” ती अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, “ह्या पाकिटाची मुदत संपलीये ना?”

साहेबांचं हसू एकदम थांबलं. ते पाकिटाकडे लांबूनच बघत राहिले.

“हो,” ते म्हणाले. “सकाळीच पाहिली मी तारीख. सांगणारच होतो.”

“मागच्या आठवड्यातच संपली, नाही का?”

“मागच्याच आठवड्यात,” साहेबांनी मान डोलावली.

“मग आता कसं करायचं? चार वाजता पाहुणे यायचे, आणि यंत्रावर शिळं पाकीट...”

“बंद करा यंत्र,” साहेब घाईनं म्हणाले. “रीतसर बंद करा. मी नवीन पाकीट आणतो.”

“करा की,” यी-शुन म्हणाला. “माझं काय जातंय?” आणि त्यानं स्वतःच्याच हातानं यंत्र बंद केलं.

साहेबांनी कपाटातून नवं पाकीट आणलं, जुनं उतरवून बाजूला ठेवलं, नवं दोन्ही हातांनी मांडलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. पडद्यावर फायलींची नावं ओळीनं हजर झाली. यी-शुननं पहिली फाईल उघडली. आत नुसती शून्यं. दुसरी उघडली, तीही तशीच. मग तो भराभर उघडत सुटला. बबल टीची नळी तोंडातच राहिली.

पेइ-जुंगनं समाधानानं साहेबांकडे पाहिलं. साहेब गंभीरपणे मान हलवत होते.

“बघितलंत? मी म्हणतच होतो. शिळ्या पाकिटानं घात केला. ड्रायव्हरचा काही दोष नाही. आता नवं ठेवलंय, फायली पुन्हा भरा. चारपर्यंत होतंय सगळं.”

“होतंय की,” यी-शुन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

पेइ-जुंगच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. एवढा उपद्व्याप काय ह्यासाठी केला? आपलीच लबाडी आता आपल्या अंगावर आली होती. गप्प बसावं, तर हाच ड्रायव्हर दवाखान्यांत जाणार. बोलावं, तर साहेब तोंडावर खोटे पडणार, आणि मग सोमवारपासून हाताखालीसुद्धा कुणी ठेवून घेणार नाही.

तिनं जुनं पाकीट उचललं, उलटं केलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

“वाचा, साहेब.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. पुढच्या वर्षीचा मार्च.

“म्हणजे तू खोटं बोललीस,” ते हळूच म्हणाले.

“बोलले,” पेइ-जुंग म्हणाली. “पण साहेब, सकाळी तुम्ही ही तारीख जशी पाहिलीत ना, अगदी तस्संच ह्याचा ड्रायव्हर डिस्कवर लिहितो.”