भिशीची पाळी

"करार तूच लिहिलास ना? मग तूच बदल!" सासूबाई कडाडल्या.

ऋजुताने लॅपटॉप आपटलाच. गेल्या वर्षी समोरच्या पोतनीसबाईंनी खोटी अडचण सांगून भिशी आधी उचलली, म्हणून यंदा सगळ्या बायकांच्या पाळ्या तिनेच ब्लॉकचेनवरच्या करारात, म्हणजे एका प्रोग्राममध्ये, बांधून टाकल्या होत्या. हप्ते क्रिप्टोत जमा व्हायचे आणि जिची पाळी तिला आपोआप मिळायचे. एकदा चढवलेला नियम कुणाच्या बापाला बदलता येत नाही, असं तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आज भिशीतल्याच शिंत्रेवहिनींच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला तातडीने पैसे हवे होते आणि पाळी नेमकी पोतनीसबाईंची! ऋजुता सकाळपासून प्रोग्रामशी झटत होती. मेला दर वेळी नकार द्यायचा, वर फीही कापून घ्यायचा.

दुपारी फोन टुणकन वाजला. पैसे पोतनीसबाईंकडे गेले होते.

"संपलं! आता कसली सोडतेय ती," ऋजुता चरफडली.

तासाभराने पोतनीसबाईच दारात उभ्या.

"शिंत्रेंचे पैसे हॉस्पिटलात भरून आले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्या मशीनच्या विनवण्या करताय म्हणे. मी समोरच राहते. मला एकदा विचारायचंत की!"