जावयाची पांढरी गाडी

निळे ठिपके धुतल्यावर आणखीच उठून दिसायला लागले. केतनने बोनेटवर अजून एक बादली ओतली आणि कपाळाला हात लावला.

गाडी दाजींची. पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. दाजी म्हणजे निकेत, केतनच्या बहिणीचा, प्राप्तीचा नवरा. बेलापूरला एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला. अधिक महिना म्हणून जावयाला धोंड्याचं जेवण होतं, आणि आजवर एसटीने येणारा जावई यंदा गाडी घेऊन आला. केतनच्या आईने, सगुणाने, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, शेजारणींना आळीपाळीने सीटवर बसवलं. दाजी मात्र कसनुसं हसत म्हणाले, "गाडी मागच्या अंगणात राहू दे. वर कापड टाका. आणि कोणी हात लावायचा न्हाय." मग पुरणाचे धोंडे हाणून ते आडवे झाले.

केतनने हात लावला नाही. चावी लावली.

जेट्टीवर मित्रांना दाखवायची आणि परत आणायची, एवढाच बेत होता. पण मासेमारी बंद झाल्यामुळे सगळ्या होड्या वर ओढलेल्या. त्यातल्या एकीला पंपाने निळा रंग मारणं चाललं होतं. फोटोत होडी यावी म्हणून केतनने गाडी तिला अगदी खेटून लावली. वारा समुद्राकडून होता. फोटो छान आले. पहिल्या फोटोत गाडी पांढरी होती, शेवटच्या फोटोत तिला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

गाडी परत अंगणात लावून, बादल्या ओतूनही ठिपके निघेनात तेव्हा वर कापड टाकून, केतन बाइकवरून गाड्यांच्या सामानाच्या दुकानात पळाला.

"रंगाचे शिंतोडे ना? क्ले बार ने," दुकानदार म्हणाला. "साबणाचं पाणी मारायचं आणि ही माती वरनं अलगद सरळ फिरवायची. घाण सगळी मातीला चिकटते. मऊ देऊ की कडक?"

केतनने दाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. "कडक."

"नवी गाडी हाय ना? मऊच ने. कडकने चमक जाते."

"चमक माझी जाणार हाय. कडकच दे."

"तुझी मर्जी. खाली पडली तर मात्र फेकून दे. परत वापरू नको."

वडी साबणाएवढी होती, हाताला चिवट लागत होती. केतनने ती पाण्यावरून फिरवली आणि खरंच ठिपके उचलले गेले. तो आनंदाने ओरडणार होता, एवढ्यात पाणी वाळलं. जिथून ठिपके गेले होते तिथून चमकही गेली होती. पांढऱ्याशुभ्र बोनेटवर एक फिकट, मेलेला पट्टा उठला होता. तो एकटाच वाईट दिसू नये म्हणून केतनने बाजूलाही घासलं. मग त्याच्या बाजूला. मग साबणाच्या हातातून वडी सुळकन निसटली आणि वाळूत पडली.

"फेकतोस काय?" मागून आई आली. "भाकरीचं पीठ पडलं तर आपण वरचं काढून घेतो ना? आण इकडं. मळायचं काम हाय, तुला काय जमणार!"

"आई, दुकानवाला म्हणाला..."

"त्यानं जन्मात भाकरी थापली हाय का?"

सगुणाने वडीतली वाळू नखाने टोकरली. उरलेली आत मळून टाकली. वडी हाताला चिकटायला लागली तशी आत जाऊन तांदळाची पिठी घेऊन आली, वडीला लावली, थोडी बोनेटवरही भुरभुरली आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल घासायला लागली. हात जन्माचा बसलेला. एकेक वर्तुळ भाकरीएवढं, एकसारखं, कडेला जरासुद्धा फाटलेलं नाही. केतन नुसता बघत राहिला. आईला थांबवणं घरात कोणाला कधी जमलं नव्हतं.

मागच्या दारातून प्राप्तीने डोकं काढलं. "हे उठले!"

"चहा दे त्यांना!" केतन कुजबुजला.

"घेतला."

"मग अजून एक धोंडा दे!"

"तोही खाल्ला. आता चप्पल शोधतायत."

"लपव चप्पल!"

"लपवली रे. अनवाणीच येतायत!"

निकेत दारात आला आणि तिथेच थांबला. टपावर निळे ठिपके तसेच होते. बोनेटवर उन्हात ओरखड्यांची वर्तुळं चमकत होती, थेट काचेपर्यंत. मधोमध सासूबाई, कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या.

केतनने खाली मान घातली. जावई रुसून निघून जाणार, पुढच्या सणाला बहिणीला पाठवणार नाही, आणि या घरात आपलं नाव पुढची वीस वर्षं निघणार, हे त्याला दिसत होतं.

"दाजी, मला मारा," तो म्हणाला. "पण ताईला काय बोलू नका. तिला ठाऊक नव्हतं."

निकेतने बोनेटवरून एक बोट फिरवलं. मग तो हळूच अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसला. त्याचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा झाला होता.

सगुणाला भरून आलं. "जावईबापू, चुकलं आमचं. एवढ्या हौसेने घेतलेली तुमची गाडी..."

"माझी कुठली, आई?" निकेत म्हणाला. "साहेबांना वाटतंय, ती सर्व्हिसिंगला दिली हाय."